भांडणाचे डोहाळे

१४ जानेवारी १९५७, संक्रांत

ही डायरी नूर मोहम्मद शेठने दिली. पोंभुर्ण्याच्या बाजारात त्यांचं सुताचं दुकान आहे आणि आमच्या गावातली सगळी जाळी त्यांच्याच सुताची. म्हणाले, "दसरू, तुमच्या धीवरमोहल्ल्यात लिहिता येणारा तू एकटा. घेऊन जा." इतके दिवस कोरीच पडून होती. मासे किती मिळाले ते लिहून करायचं काय, ते तर खाऊन संपतात. आज मात्र लिहिण्याजोगं काम अंगावर आलं.

माझ्या बायकोला, कुंताला, पाचवा महिना लागला. खातूनबी येऊन बघून गेली. खातूनबी म्हणजे पोंभुर्ण्याची सुईण. मला आणि अर्ध्या गावाला तिनेच जगात आणलं, म्हणून ती कोणालाही अरेतुरे करते. पान थुंकून म्हणाली, "सब ठीक है. पोर हालचाल करून राह्यलं. आता दवा नको, काही नको. हिले खुशीत ठेव, बस."

मी म्हणालो, ठेवतो. सातवी पास माणूस आहे मी. एकदा ठरवलं की करतो.

कारणही आहे. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात आमचं पहिलं पोर पोटातच गेलं. खातूनबी तेव्हा म्हणाली होती की अशा गोष्टींना कारण नसतं. पण मला कारण माहीत आहे. त्याच दिवशी सकाळी कुंता शेजारच्या सोमारीशी कडाकडा भांडली होती. दोघींचं भांडण एका लाल कोंबडीवरून आहे. कोंबडी सोमारीची, दाणे खाते सोमारीच्या अंगणात, आणि अंडं घालायला येते आमच्या गोठ्यात. सोमारी म्हणते, जिची कोंबडी तिचं अंडं. कुंता म्हणते, जिचा गोठा तिचं अंडं. हे रोज सकाळी, चूल पेटायच्या आधी. गावातल्या पंचांनी एकदा निवाडा करू म्हटलं, तर दोघी मिळून पंचांवर धावल्या.

यंदा हे होऊ द्यायचं नाही. तिळगूळ घेऊन सोमारीकडे गेलो. म्हटलं, "सोमारीबाई, आज गोड बोलायचा सण आहे. कुंताचं बाळंतपण होईपर्यंत सणच आहे असं समजा."

मला वाटलं, ही आता माझ्यावर घसरेल. पण तिने तिळगूळ हातात घेतला आणि खाली बघून म्हणाली, "दसरूभाऊ, तुमी नसतं सांगितलं तरी मी या वक्ती भांडली नसती."

काम इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं.

२३ जानेवारी

काम फत्ते. आठ दिवसांत एक भांडण नाही. मोहल्ल्यात सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. सोमारीचा नवरा पोचू मोहाची घेऊन गातो, त्याला म्हटलं, गा, पण भजन गा. पलीकडच्या मोहल्ल्यात वाघाने गोऱ्हा नेला, ते कुंताला कोणी सांगायचं नाही. तिच्यासमोर रडकं तोंड करायचं नाही, हसायचं. म्हातारा झिंगू म्हणाला, "मले दात नाईत, मी हासलो तं पोरगी भेईन." त्याला सूट दिली.

आता कुंता पाण्याला निघाली की दोन्हीकडच्या बाया ओट्यावरून हसतात. सगळा मोहल्ला कसा लग्नघरासारखा वाटतो. कुंता मात्र खाली मान घालून भराभर चालते. लाजत असेल.

६ फेब्रुवारी

आज तर कमाल झाली. सोमारी स्वतः आमच्या गोठ्यात गेली, अंडं उचललं, धुतलं आणि ताटलीत ठेवून कुंतापुढे आणलं. "घे व बाई. तुले ताकद पायजे."

कुंताने अंड्याकडे पाहिलं, सोमारीकडे पाहिलं, पुन्हा अंड्याकडे पाहिलं. "आन तुले?"

"मले काऊन? तुहंच आहे ते."

तीन वर्षं जिच्या तोंडून हे ऐकायला कुंता झगडली, तिनं ते आज आपणहून म्हटलं. कुंताला इतका आनंद झाला की तिच्या तोंडून शब्द फुटेना. अंडं तिने खाल्लं नाही. फडताळात ठेवून दिलं.

२० फेब्रुवारी

कुंता फार समजूतदार झाली आहे. कशाला नाही म्हणत नाही. आवाज चढवत नाही. पूर्वी मी तलावावरून चिखलाचे पाय घेऊन घरात शिरलो की कौलं हलायची. आज शिरलो तर नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, "असू द्या." घर इतकं शांत की कोंबडीचं चालणंसुद्धा ऐकू येतं.

जेवण मात्र कमी झालं आहे. मी विचारलं तर म्हणते, "जात नाई."

आज मला चुलीपाशी बसवून भात कसा वेळायचा ते शिकवलं. मी म्हटलं, मला कशाला? म्हणाली, "येऊ द्या. कामी पडते." नंतर आपलं हिरवं लुगडं काढून बाहेर ठेवलं. धाकट्या बहिणीला द्यायचं म्हणते. लग्नातलं लुगडं! मन केवढं मोठं झालं आहे तिचं. माणूस खुशीत असला की हात सैल होतो, हे खरं.

१५ मार्च

सातवा लागला.

मोहाची फुलं गळायला लागली, सगळ्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात. मी कुंताला जाऊ दिलं नाही. ती दारात बसून जाणाऱ्या बायांकडे पाहत होती. मी शेजारी बसलो आणि हसू यावं म्हणून झिंगूची नक्कल करून दाखवली. ती हसली नाही.

म्हणाली, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"खातूनबी तुमाले माह्याबद्दल काय बोलली?"

"खुशीत ठेव म्हणाली."

"आनिक?"

"आणखी काही नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं. मग म्हणाली, "माह्या आत्याले क्षय झालता. वैद्य जवाब देऊन गेला, तवापासून सारं गाव तिच्याशी गोड बोले. जिनं तिचं वावर दाबलं तेबी दूध घेऊन ये. मी लहान होती, पन मलेबी सांगितलं होतं, आत्यासमोर हासजो. मी हासली. महिन्याभरात आत्या गेली." पुढे म्हणाली, "सोमारीनं मले अंडं धुऊन देल्लं. तवाच मी समजली. मी मेल्यावर तुमी दुसरी करजा, पन भात येनारी पाहून करजा."

मी उठून गोठ्यात गेलो आणि गाईच्या मानेवर डोकं ठेवून रडलो. कुंता नसलेलं घर मी आजवर डोळ्यांपुढे आणलंच नव्हतं. आज ते दिसलं.

१६ मार्च

सकाळीच पोंभुर्णा गाठलं. खातूनबी अंगणात तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"मी काय बोलली होती?"

"खुशीत ठेव."

"अन तू काय केलं?"

"खुशीत ठेवलं."

"अरे बैला! तिची खुशी हिसकावून घेतली तू. जी बाई सकाळी उठून भांडल्याबिगर चूल नाई पेटवत, तिले तू दोन महिने मुकी करून ठेवली? जा, तिचं भांडण वापस दे. अन पोरगी चांगली आहे, पोर चांगलं आहे, रोज डोकं खाऊ नको माहं."

पोर चांगलं आहे हे वाक्य मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा तिने सूप उचललं, तेव्हा मी निघालो.

घरी येऊन आधी कुंताला सांगितलं. "खातूनबी म्हणते तुला काही झालेलं नाही." तिने मान हलवली, आजारी माणूस हलवतो तशी. मग सोमारीकडे गेलो. म्हटलं, "उद्यापासून भांडत जा."

"नाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "कुंता घाबरली आहे हो. भांडा थोडं. माझ्याखातर भांडा."

"मी नाई भांडत, दसरूभाऊ. मांगच्या वक्ती मी भांडली होती. त्याच दिवशी..." पदर तोंडाला लावून चुलीपाशी जाऊन बसली. डोळ्यांत धूर गेला असेल.

आता काय करावं? गोड बोलायला गाव तयार होतं, भांडायला एक बाई मिळेना.

१७ मार्च

सातवीपर्यंतचं शिक्षण आज उपयोगी पडलं. सकाळी लाल कोंबडी अंडं घालायला गोठ्यात आली, तशी मी तिला धरली आणि टोपल्याखाली झाकून वर दगड ठेवला. मग जुनं जाळं घेऊन ओसरीवर बसलो, जसं काही माहीतच नाही.

ऊन चढलं तशी सोमारी अंगणात "ये तू तू तू" करत फिरायला लागली. कोंबडी काही येईना. मग टोपल्याखालून कोंबडी ओरडली. कुंता गोठ्यात गेली, टोपलं उचललं. तेवढ्यात सोमारीही आली. दोघी समोरासमोर, मध्ये कोंबडी आणि तिचं अंडं.

सोमारीचं तोंड लाल झालं. गोड बोलायचं म्हणून तिने आवंढा गिळला. पुन्हा गिळला. मग तिच्याच्याने राहवेना. "अंडं नेत होती तं ठीक होतं व, आता कोंबडीच दाबून ठेवून राह्यली का?"

कुंताने कमरेवर हात ठेवले. दोन महिन्यांनी ते हात कमरेवर गेले! "कोनं दाबलं? तुही कोंबडीच चोर आहे! दाने तिकडं खाते आन बसाले इकडं येते!"

"दाने माहे तं अंडं माहं!"

"गोठा माहा!"

"मंग गोठ्यालेच अंडं घालाले लाव!"

ओसरीवर बसून मी देवाचे आभार मानले. पोचू धावत आला, त्याला मी हात धरून बसवला. बाया टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या. कुंताचा आवाज चढत गेला, तसा तिच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला. आणि एकाएकी सोमारीच गप्प झाली. कुंताच्या पोटाकडे पाहून मागे सरली.

"काऊन थांबली?" कुंता ओरडली.

सोमारी आणखी एक पाऊल मागे गेली.

मग कुंताही हळू झाली. जवळ जाऊन म्हणाली, "त्या दिवसाचं मनात धरून बसली का व? अवं, भांडनानं पोर जाते का? तसं राह्यलं असतं तं या मोहल्ल्यात एक पोर जगलं नसतं. जायचं होतं, गेलं. तुह्यानं नाई गेलं, माह्यानं नाई गेलं. तू गोड बोलून बोलून मले मारलं असतं!"

सोमारी गोठ्याच्या दारातच खाली बसली आणि हमसून रडायला लागली. कुंताही बसली आणि तीही रडायला लागली. मला कळेना, कोंबडी तर सापडली होती.

थोड्या वेळाने कुंता डोळे पुसून म्हणाली, "उठ. अंडं दे."

"काऊन देऊ? माहं आहे."

आणि पुन्हा सुरू. दुपारी कुंताने सुकटीचं कालवण आणि भात दोनदा घेतला. फडताळातलं जुनं अंडं तिने स्वतः उचलून उकिरड्यावर टाकलं.

१० एप्रिल

डोहाळजेवण झालं. हिरवं लुगडं तीच नेसली, बहिणीकडून परत मागायची पाळी आली नाही.

आता सातवा सरत आला. कुंता ठणठणीत आहे, पण म्हणून आपण गाफील राहायचं नसतं. मी आता तिच्या मागेमागेच असतो. ती उठली की विचारतो, काय झालं? बसली की विचारतो, काय झालं? शिंकली तर खातूनबीला बोलवायला निघालो होतो, वाटेतून पोचूने परत आणलं. पाणी मी भरतो. सारवायला गेलो तर भिंतीचे पोपडे निघाले, ते शिकलं की जमेल.

आज खातूनबी आली होती. आत दोघींची बराच वेळ कुजबुज झाली. मला दारापाशी उभं राहू दिलं नाही. नंतर कुंता बाहेर येऊन म्हणाली, "मले डोहाळे लागले."

"कशाचे?"

"नवीन जाळ्यातल्या मासोळीचे. जुन्या जाळ्याची मासोळी वास मारते."

असे डोहाळे कधी ऐकले नव्हते. खातूनबीकडे पाहिलं. ती गंभीर तोंड करून म्हणाली, "डोहाळे पुरवले नाई तं पोराचे कान फुटतात. मोठं जाळं पायजे, बेटा. फेकायचं. बारीक डोळ्याचं. अन बसून विन, फिरता फिरता नको विनू."

लगेच नूर मोहम्मद शेठकडे जाऊन सूत आणलं.

२९ एप्रिल

ओसरीवर बसून जाळं विणतो आहे. बारीक डोळ्याचं, म्हणजे लहान छिद्रांचं, जाळं विणायचं तर डोळ्यात तेल घालून बसावं लागतं, एक गाठ चुकली की सगळं वाकडं. दिवस कसा जातो कळत नाही. काल कुंता शिंकली म्हणतात, मला ऐकूही आलं नाही.

या जाळ्यात मात्र काही गुण आहे. विणायला बसलो तेव्हापासून कुंता जात्यावर गाते. सकाळी सोमारीशी भांडण, दुपारी दोघी मिळून मोहफुलं वाळवतात, संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसतात. तिच्या अंगावर तेज आलं आहे. कुंता मधूनमधून येऊन जाळ्यात बोट घालून बघते आणि म्हणते, "इथी डोळा मोठा झाला." मला तर सारखाच दिसतो. पण डोहाळे तिचे, म्हणून तेवढं उसवतो आणि पुन्हा विणतो. आतापर्यंत पूर्ण व्हायला हवं होतं.

२१ मे

नखं फुटली आहेत, तरी लिहितो.

सकाळी कुंता सोमारीशी भांडता भांडता थांबली आणि म्हणाली, "थांब, कळ आली." सोमारी म्हणाली, "बाकीचं मंग भांडू." पोचू पळत जाऊन खातूनबीला बैलगाडीत घालून घेऊन आला. सोमारी आत गेली. दार लागलं. मी बाहेर.

काय करावं? मी दाराला कान लावला. खातूनबीने दार उघडलं, माझा कान धरला. "इथी काय करून राह्यला?"

"काही काम सांग, खातूनबी."

तिने क्षणभर विचार केला. आमच्याकडे रीतच आहे, बाळंतपणात घरात गाठ बांधलेली ठेवत नाहीत, म्हणजे पोराची वाट मोकळी होते. ती म्हणाली, "घरातल्या साऱ्या गाठी सोड."

मी सुटलो. गाईचं दावं सोडलं, गाय सोमारीच्या वाडीत गेली. तांदळाच्या पोत्याची गाठ सोडली, कोंबडीने त्यात तोंड घातलं. कुडाच्या बांधण्या सोडल्या. दंडातला ताईत काढला. धोतराची गाठ सोडणार होतो, तर पोचू म्हणाला, "भाऊ, तेवढी राहू दे." परत दाराशी गेलो. आतून कुंताचं कण्हणं ऐकू येत होतं. मी दाराबाहेरून विचारलं, "खातूनबी, सगळ्या सोडल्या. आता?"

मग मीच म्हणालो, "जाळं तेवढं राहिलं. जाळंही सोडू?"

कुंता कळांत होती, तरी तीच ओरडली, "जाळंबी!" आणि त्यापुढे मला हसल्यासारखं ऐकू आलं. तिघीही हसत होत्या. वेदनेत माणसाला काय होईल सांगता येत नाही.

मी ओसरीवर बसलो. एक बाभळीचा काटा घेतला आणि टोकापासून जाळं उसवायला लागलो. सव्वा महिना ज्या गाठी डोळे फोडून मारल्या, त्या एकेक सोडायला लागलो. ओढून घट्ट झालेली गाठ सुटता सुटत नाही. नखं दुखायला लागली. पण प्रत्येक गाठ सुटली की मला वाटे, वाट एवढी मोकळी झाली. ही सुटली, आता ही. सोमारी पाणी न्यायला बाहेर येई, माझ्याकडे पाहून म्हणे, "चालू द्या, भाऊ, चालू द्या, चांगलं चालून राह्यलं." मग मला आणखी जोर येई. भीती वाटायलाही सवड नव्हती.

अर्ध्याहून जास्त जाळं उसवलं असेल. काटा एका गाठीत होता, तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. केवढं मोठं रडणं! कोंबडी उडाली. मी काटा हातात घेऊन तसाच बसलो आणि मीही रडलो.

मुलगी आहे. कुंता बरी आहे. अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू गेलं इतका मुलीचा आवाज मोठा आहे. खातूनबी हात धूत बाहेर आली. ओसरीवरचा सुताचा ढीग पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास दसरू. तुझं बाळंतपण बी चांगलं झालं."

म्हातारी थकली होती, काहीतरीच बोलली.

२५ मे

गाठी सोडल्या नसत्या तर काय झालं असतं, हा विचार आला की अंगावर काटा येतो. आज कुंताला तसं म्हणालोसुद्धा. तिने माझे हात हातात घेतले आणि फुटलेल्या नखांना खोबरेल लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हसूही होतं. म्हणाली, "तुमच्यावानी मानूस नाई मिळनार." भात येणाऱ्या बाईचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

सकाळी एक गंमत झाली. उसवलेल्या सुताचा ढीग मी बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवला होता. लाल कोंबडीने बरोबर त्यातच बसून अंडं घातलं. सोमारी अंडं न्यायला आली. कुंता खाटेवरूनच म्हणाली, "ठेव खाली! खोली माही, सूत माह्या नवऱ्याचं!"

"कोंबडी कोनाची?"

"आता या घरात दोन बाया आहेत, लक्षात ठेव. मांगून माही पोरगी भांडीन!"

दोघींचे आवाज चढले. मधल्या पाळण्यात पोर झोपलेलं. मी घाबरून आत धावलो. "हळू! हळू बोला, पोरगी उठेल!"

दोघी एकदम गप्प झाल्या. खोली शांत झाली. आणि त्या शांततेत पोरीने डोळे उघडले, तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. कुंताने पाळणा हलवला, नाही. सोमारीने थोपटलं, नाही. मी झिंगूची नक्कल करून दाखवली, ती तर आणखीच रडायला लागली.

शेवटी सोमारी अंडं उचलून म्हणाली, "मी तं नेतो बाई."

"नेऊन पाह्य!" कुंता ओरडली.

पोरगी हुंदका अर्ध्यावर सोडून गप्प झाली. त्या दोघी भांडत राहिल्या आणि ती मुठी मिटून गाढ झोपली.

मी सूत उचलून ओसरीवर आलो. कुंताने नव्या जाळ्यातली मासोळी अजून खाल्लेली नाही. पुन्हा पहिली गाठ मारली.